फ्रिजवरच्या चांदण्या

मंगळवार, संध्याकाळ. झिरकपूर, पंजाब

ह्यांच्या सारख्या बदल्या होतात म्हणून रेवाला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. ठरवलं मीच, आता कुरकुर कुणाकडे करू? तिला मराठी बोलता यावं म्हणून फ्रिजवर तक्ता लावला. दिवसभर माझ्याशी मराठीत बोलली तर एक चांदणी, मध्ये हिंदी आली की चांदणी नाही. आठवडाभर तक्ता नुसता चमकतोय. मी खूश होते. मूर्खच आहे मी.

सकाळी विचारलं, कुंडीत राजमा लावला होतास, त्याचं काय झालं? "काही नाही." माझं डोकंच फिरलं.

दुपारी बाल्कनीतून तिचा आवाज आला. शेजारच्या आंटी पलीकडे कपडे वाळत घालत होत्या. "आंटी जी, ये ना अपने आप धूप की तरफ मुड गया. मैंने गमला घुमाया, तो फिर से मुड गया." आणखी कितीतरी. नऊ वर्षांची पोर, न सांगता प्रयोग करून बसली होती. मी पडद्याआडच उभी राहिले. बाहेर गेले असते तर गप्प झाली असती. तक्ता काढून टाकू? मग मराठी कायमचीच जाईल.

ती आत आली. मला पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं.

"काय सांगत होतीस गं आंटींना?"

"काही नाही."

मराठीत म्हणाली. नियमाप्रमाणे चांदणी द्यावी लागली.