आण्णांच्या खोलीत लॅपटॉप

३ मार्च
आज पुन्हा तेच. व्हिडिओ रेंडरला लावून जेवायला बसले, येऊन बघते तर स्क्रीन काळी. खालून हात लावला तर चटका बसला. सकाळपासूनचं सगळं गेलं. मॅडमना फोनवर सांगितलं, लाईट गेली होती. लाईट होती.
मॅडम म्हणाल्या, "सुजाता, घरून करायला दिलंय ते काम वेळेत येतंय म्हणून. बिल्डर थांबत नाही गं."
अजून उभ्या न राहिलेल्या बिल्डिंगी आतून फिरून दाखवायच्या, हे माझं काम. पुण्यात असताना ऑफिसच्या एसीत मशीन तापतं हे कधी कळलंच नाही. दिवाळीत आण्णांना झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून इथं आटपाडीत. आईला एकटीला त्यांना उचलता येत नाही. दादा फौजेत, लेहला. म्हणजे मीच.
नवीन घ्यायलाच लागणार.

५ मार्च
सांगलीला जाऊन आले. आण्णांची औषधं, आणि जमीरभाईंचं दुकान. आपण सांगू तसा लॅपटॉप ते मागवून, भरून देतात. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली.
"ताई, एवढं दमाचं कार्ड बारीक बॉडीत घातलं तर तवा हुईल त्याचा."
"मग जाड घालूया."
"जाडच घालू. मोठे फॅन, मागनं वारं जायला जागा. पण तुमची खोली कसली हाय?"
"पत्र्याची."
त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, डेस्कटॉप घ्या, थंड राहतो. पण लाईट गेली की डेस्कटॉप गेला. आण्णांना दवाखान्यात ठेवलं की त्यांच्या उशाशी बसून काम करायचं असतं, तिथं तो कुठं नेऊ? लॅपटॉपच पाहिजे.
"बघा, जाड बॉडीत निघंल उन्हाळा. थोडं सांभाळून वापरा," म्हणाले. सांभाळून म्हणजे कसं, ते त्यांनाही माहीत नसावं.

९ मार्च
दोन दिवस नुसते व्हिडिओ बघतेय. हे मॉडेल किती तापतं, ते किती तापतं. सगळे तपासणारे गार खोलीत. एक तर चक्क स्वेटर घालून बसला होता. तो म्हणतो, "थोडं गरम होतं, पण चालवून घेण्यासारखं." आपल्याकडं मार्चमध्येच दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही.
खाली कुणीतरी विचारलंय, आमच्या गावात एप्रिलमध्ये चालेल का? त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही.

१२ मार्च
ऑर्डर दिली. जाडवाली बॉडी. जमीरभाईंनी दोनदा सांगितलं, "ताई, सांगून बनवून घेतलेलं कंपनी परत घेत न्हाई. बिघडलं तर दुरुस्त करून देत्यात. तापतंय म्हणून परत, असं न्हाई चालत." मी हो म्हणाले.
आईला सांगितलं. तिनं बाकी काही विचारलं नाही.
"गार राहील का गं ते?"
"राहील."

२८ मार्च
आलं. सांगलीत दुकानातच तासभर पळवून बघितलं. माझीच फाईल. जुन्यावर सबंध दिवस खाणारं काम चहा पिऊन होईस्तोवर निम्मं झालं. तापमानाचा आकडा ऐंशीच्या पुढं गेला नाही. जमीरभाईंपेक्षा मीच जास्त हसत होते. दुकानात एसी होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. बाजूला सारलं.
एस.टी.त विट्यापर्यंत उभं राहून आले, मशीन पाठीला. घरी आल्यावर आण्णांनी डावा हात पुढं केला, दाखव म्हणून. मांडीवर ठेवलं. त्यांचे शब्द हळू येतात, एकेक ओढून.
"लय... जड. एलएमजीवानी."
फौजेत असताना खांद्यावर वागवलेली मशीनगन ती. किती दिवसांनी चेष्टा केली त्यांनी. आई पदर तोंडाला लावून हसली.

३० मार्च
सकाळी सुंदर चाललं. अकरापासून आकडा चढायला लागला. साडेबाराला शहाण्णव. मग मशीन स्वतःच वेग कमी करतं, जळू नये म्हणून. दुपारी दोनला जुन्या लॅपटॉपइतकंच चालत होतं. जुन्यापेक्षा हळू, खरं तर.
फॅनचा आवाज असा की आई बाहेरून विचारते, गिरणी चालू केली का गं.

१ एप्रिल
खाली लाकडी ठोकळे दिले. मागून टेबलफॅन लावला. सेटिंग बदलून ताकद कमी केली. पत्र्यावर उसाचं पाचट आणून टाकलं, वर पाणी मारलं. पाच-सहा अंश उतरलं, की उतरल्यासारखं वाटलं.
दादाचा फोन. "मशीन हिकडं पाठव, फुकटात गार हुईल." हसले. फोन ठेवल्यावर राग आला. त्याचा नाही.
रात्री काम करावं म्हटलं तर पत्रा पहाटेपर्यंत ऊब सोडत नाही, आणि मॅडमचे बदल दिवसा येतात. "आत्ता दे. क्लायंट समोर बसलाय."

३ एप्रिल
जमीरभाईंना फोन. त्यांनी प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलून देतो म्हटलं. पुन्हा सांगली. बदलली. दुकानात पुन्हा झकास. घरी पुन्हा तेच.
"ताई, मशीनमदी खोट न्हाई ओ," म्हणाले. अगदी वाईट वाटून म्हणाले. खोट असती तर बरं झालं असतं. बदलून मिळालं असतं.
एसीचं विचारलं होतं वायरमनला. म्हणाला, तुमच्या लाईनीवर दुपारी मोटर उचलत न्हाई, एसी कुठला उचलतोय.

४ एप्रिल
घरात स्लॅबची खोली एकच. आण्णांनी पेन्शनीत आल्यावर बांधलेली, पुढं अजून बांधायच्या होत्या. आता ते तिथंच असतात. कूलरही तिथं.
आईला विचारलं. आई म्हणाली, "त्यांनाच इचार."
आण्णा म्हणाले, "आण."

५ एप्रिल
त्यांच्या पायथ्याशी टेबल लावलं. अठ्ठ्याऐंशीवर थांबलं! दिवसभर. पंधरवड्यापासून अडकलेलं काम पूर्ण करून पाठवलं. मॅडमचा अंगठा आला.
मागच्या बाजूनं जी वाफ निघते ती खोलीतच राहते. संध्याकाळी आईनं आण्णांचं बनियन पिळलं. "घामानं वलं झालंय," एवढंच बोलली.

७ एप्रिल
मशीनच्या आवाजानं आण्णांना दुपारी झोप लागत नाही. विचारलं तर मान हलवतात. "बंकरमदी... जनरेटर. सवय हाय."
कूलरचं वारं थेट मशीनवर घेऊ नका, ओलं असतंय, आत गंज धरंल, असं जमीरभाईंनी बजावलंय. म्हणून कूलरचं तोंड आण्णांकडं आणि मशीन कडेला. तसं ठेवलं की नव्वद, ब्याण्णव. काम चालतं, रखडत.

१० एप्रिल
अंघोळ करून आले तर आकडा ब्याऐंशी. काय झालं म्हणून बघितलं. कूलर फिरवलेला. सगळं वारं मशीनवर. आई शेरडांना पाला टाकायला गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. आण्णा भिंतीकडं तोंड करून पडलेले, धाप लागलेली, चार पावलांपुरती लागते ती काठी खाली पडलेली.
"आण्णा, कूलर तुमी फिरवला?"
त्यांनी डाव्या हातानं काठी चाचपली.
"आवं, पडला असता तर?"
"काम... हुंदे."
कूलर परत फिरवला. मग बसून काम केलं. दुसरं काय करणार होते. सहाच्या आत पाठवायचं होतं.

११ एप्रिल
आज पुन्हा फिरवलेला सापडला. मी मागं अंगणात धुणं वाळत घालत होते, तेवढ्यात. चाकाचा कूलर, डाव्या पायानं ढकलतात. आईला सांगितलं नाही.

१३ एप्रिल
आण्णांना ताप. दुपारी डोळे फिरवले. शेजारच्या गाडीतून विट्याला नेलं. सलाइन. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय, उन्हात ठेवलं होतं का पेशंटला? मी म्हणाले, खोलीतच होते. "मग खोली गरम असेल. ह्यांना उष्णता सोसायची नाही, परत झटका येऊ शकतो." आई माझ्याकडं बघत नव्हती. सलाइनच्या थेंबांकडं बघत होती.
इथं वॉर्डात एसी आहे. मशीन सोबत आणलंय. उशाशी बसून काम केलं, फॅनचा आवाज आला नाही, आकडा सत्तर. कसं चाललंय म्हणून बघायला येणाऱ्या नर्सला मला ओरडून सांगावंसं वाटलं, बघा कसलं पळतंय. आणि लाज वाटली.

१६ एप्रिल
आण्णांना घरी आणलं. आई म्हणाली, "ते भाईर काढ, बाय." आवाज चढवला नाही. काढलं. पत्र्याच्या खोलीत आणून ठेवलं. दुपारी सत्त्याण्णव.
आण्णा कूलर फिरवायचे ते मी आईला आज सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. "मला ठावं हाय," म्हणाली.

२१ एप्रिल
बिल्डरचा व्हिडिओ वेळेत गेला नाही. निम्म्यावर बंद पडलं. मॅडमनी तो दुसऱ्याला दिला. रागावल्या नाहीत, तेच वाईट.
"मशीन चांगलंय ना? मग ते घेऊन इकडं ये. ऑफिसमध्ये बस. इथं एसी आहे."
"वडिलांना कोण बघणार?"
"ते मी कसं सांगू?"
खरंच, त्या कशा सांगणार.

२४ एप्रिल
जमीरभाईंना विचारलं, विकून देता का. कराडजवळच्या मलकापूरच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराला असलंच हवंय म्हणाले. "कराडला हवा बरी हाय ताई, चालंल त्याला. पण तुमचं काम?"
ते विकलं की जुनं. जुन्यावर मॅडमचं काम होत नाही. दुसरं काय येतं मला? बँकेपुढच्या टायपिंगवाल्याकडं माणूस पाहिजे अशी पाटी लागलीय. परवा तिथं उभी राहिले. त्याचंही दुकान पत्र्याचंच.
दादाला विचारलं, सुट्टी काढशील का महिनाभर. म्हणाला, अर्ज टाकतो. गेल्या वेळीही टाकला होता.

२६ एप्रिल
आईला पुण्याचं बोलले. रोज उचलायला बाई ठेवू, मी दर शनिवारी येईन. आई म्हणाली, "बाईच्या हातानं खातील का ते? माझ्या हातानं खात न्हाईत कवा कवा." मग म्हणाली, "जायचं तर जा. मी न्हाई म्हणत न्हाई." मग शेरडं सोडायला गेली. असलं बोलणं निघालं की तिला नेहमी शेरडं आठवतात.

२९ एप्रिल
मॅडमचा मेसेज: सोमवारपर्यंत कळव, नाहीतर जागेवर दुसरं माणूस घेतेय.
जमीरभाईंचा मेसेज: मलकापूरचा पोरगा रविवारी येतोय सांगलीला. आणताय ना?
दोन्ही वाचले. दोन्हींना उत्तर दिलं नाही. मशीन चालू केलं नाही आज. झाकण लावून ठेवलंय, वर टॉवेल. आण्णांनी दुपारी विचारलं, "आवाज... न्हाई?"
"सुट्टी हाय आज, आण्णा."

१ मे
दुपारी जरा डोळा लागला होता. काठीच्या आवाजानं जागी झाले. बघते तर आण्णा त्यांच्या खोलीच्या दारात उभे. उशी काखेत धरलेली, उजवा पाय फरफटत आणलेला. बाहेर अंगणात ऊन पांढरं झालेलं.
"कुठं निघाला?"
"लिंबाखाली." श्वास घेतला. "खोली... तू घे."
"आण्णा, डॉक्टरनी काय सांगितलंय?"
"बॉर्डरवर... ऱ्हायलोय. ऊन काय..." शब्द पुरा झाला नाही. "तू काम कर. बंद... नगं ठिवू."
दंड धरला. अंग तापलेलं होतं की माझा हात, कळलं नाही. आत वळवायला गेले तर त्यांनी काठी सोडून डाव्या हातानं चौकट पकडली. फौजेतला हात तो, अजून सुटत नाही. मी ओढत नव्हते, तेही पुढं जात नव्हते. उशी खाली पडली. आई आतून विचारत होती, काय झालं गं, काय झालं.
"काय न्हाई," मी म्हणाले.
उंबऱ्यावर तसेच उभे होतो आम्ही, आई येईपर्यंत.