शेंडा कापलेलं झाड

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मी सांगायचं, सून एदुर्नेनं लिहायचं. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही. जोडी जमली.
संकल्प: माळावरची सगळी जुनिपरची झाडं पाडायची. त्यांच्यापायी सेजची झुडपं मेली, आणि त्या झुडपांवर जगणारे, घरासमोरच्या पटांगणात नाचायला येणारे माळकोंबडे तीनच उरले. लग्न होऊन अमेरिकेत, नेवाडात आले तेव्हा नवऱ्यानं पहिला तोच नाच दाखवला होता. करवत पेयो चालवील, मुलगाच आहे. देखरेख माझी.

९ नोव्हेंबर
सरकारी बाई आली. टोकदार शेंड्याची झाडं कोवळी, ती पाडा म्हणे. गोल डोक्याची फार जुनी, ती राखा. पटांगणाकाठचं माझं झाड तेवढं गोल निघालं. तिनं निळी फीत बांधली. मी बोलले नाही. मला विचारलं कुठे?

२४ डिसेंबर
नाताळला घरात सजवायला माझ्या झाडाचा शेंडा कापून आणला. दरवर्षी त्याच झाडाचा आणते. घर छान घमघमतंय.
एदुर्ने म्हणाली, "आई, टक्कल तुम्ही केलंत आणि ती बाई त्याला म्हातारं समजली!"
म्हटलं, "टकलावरून वय ठरत असेल तर तुझ्या नवऱ्यालाही फीत बांध."

१२ मार्च
माळ मोकळा. पेयोचे हात फोडांनी भरलेत. झाड उरलंय ते माझंच. पहाटे तिन्ही कोंबडे छाती फुगवून नाचले. एका झाडानं काय होतं?
झाडावर गरुड होता. नाच बघायला आला असेल.

१९ मार्च
दोनच आले. तिसऱ्याला झोप लागली असेल.
पेयो म्हणाला, "आई, गरुडाला बसायला आता एकच जागा उरलीय."
सरकारी फीत आहे, म्हटलं. मी काय करणार?

२ एप्रिल
पटांगणात नुसती पिसं. उद्या पेयोशी बोलते.

३ एप्रिल
पाठ धरलीय. उद्या.

११ एप्रिल
दुपारी जेवताना म्हटलं, "तुला पाडायचंच असेल तर पाड बाबा, माझी हरकत नाही."
पेयो पावाचा तुकडा हातात धरून बसला. म्हणाला, "लहानपणी तू शेंडा कापायचीस तेव्हा खाली धरायला मीच असायचो ना, आई? वाटलं होतं, तू आपणहून सांगशील."
रागावला असता तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल
झाड काल संध्याकाळीच पाडलं. संकल्प पुरा झाला.
आज पहाटे खुर्ची टाकून बसले. ऊन चढलं, पटांगण रिकामंच. एदुर्ने शेजारी बसलीय. म्हणते, "थोडं अजून बघूया, आई."
एकही टोमणा नाही.