लालगळ्या आणि जावईबापू

४ डिसेंबर

झालं! माझ्याच तोंडाने घात केला. फोनवर लेकीला सांगून बसले — नळाजवळ एक पाखरू येतंय, चिमणीएवढं, अंगाने मातकट, पण गळ्यावर लालभडक कापडाचा तुकडा शिवल्यासारखा. इतकी वर्षं या खिडकीत शिलाईमशीन चालवतेय, असलं पाखरू कधी दिसलं नाही. मी त्याला लालगळ्या म्हणते. तिने लगेच नवऱ्याला सांगितलं. जावईबापूंना फोटोंचं वेड. पाच मिनिटांत त्यांचाच फोन — "आई, त्याला हाकलू नका हं! फार लांबून येतो तो. थंडीपुरताच." जसं काही मी काठी घेऊनच बसलेय!

रविवारी येतायत दोघं.

८ डिसेंबर

आले. एक बॅग लेकीची, चार त्यांच्या. अंगावर झाडपाल्याच्या रंगाचे कपडे, टोपीसुद्धा तसलीच. माझ्या सोफ्याचं कव्हर फुलाफुलांचं आहे म्हणून बसलेले दिसतात तरी. चहाचा घोट असा ओढतात की बाहेरची पाखरं उडावीत. तोंडावर अहोजाहो करावंच लागतं. वहीत कशाला?

९ डिसेंबर

फ्रिजमध्ये लोण्याशेजारी एक डबा. उघडला — आत भुशात पिवळे किडे, शेकड्याने, वळवळणारे! किंचाळलेच. "आई, ते स्वच्छ असतात. पाखराचा खाऊ आहे," तो म्हणाला. "बाहेर ठेवले तर त्यांचे भुंगेरे होतील." मग होऊ देत की! लोणी फेकून दिलं. फ्रिज सोड्याने दोनदा पुसला. सकाळपासून घास घशाखाली उतरत नाही.

११ डिसेंबर

लेकीने टाचण्या मागितल्या. त्या निळ्या डोक्याच्या, बारीक. लग्नानंतर पोरीने सुईला हात लावला नव्हता. इतकं बरं वाटलं! डबीच देऊन टाकली.

१३ डिसेंबर

हा पहाटेपासून लपून फोटो काढायच्या तंबूत. तंबू कुठे, तर माझ्या गुलाबाच्या वाफ्यात! चार रोपं आडवी केली. आणि लेक नळापाशी थंडीत उकिडवी. आतून हुकूम सुटतायत — "मागे हो." "हलू नकोस." "तुझी सावली पडतेय." तिचं नाक लाल झालेलं. शाल घेऊन निघाले तर तंबूतून हात बाहेर आला — थांबा म्हणून! माझ्याच बागेत!

पोरगी हूं की चूं करत नाही. कोणाचं एक ऐकून घ्यायची नाही ही, शाळेत मुख्याध्यापकांशी भांडून आली होती. हिचं काय केलं या माणसाने? भांडी घासताना हळूच म्हटलं, "तो गेला तरी तू राहा इथे. हवं तितके दिवस." हसली. "काहीतरीच काय गं, आई!"

असं हसणं मला ठाऊक आहे. मीही काही वर्षं हसत होते.

१५ डिसेंबर

लालगळ्या आज उंबऱ्यापर्यंत आला. शेपूट वर, टुण टुण उड्या. मी श्वास रोखून उभी. दिवसातलं एवढंच बरं.

१७ डिसेंबर

शी! शी! शी!

दोघं आत गेल्यावर नळाजवळ गेले. फांदीवर किडा. जिवंत. वळवळतोय, पण जागचा हलत नाही. वाकून पाहिलं तर पाठीतून टाचणी आरपार, फांदीत रुतवलेली. निळं डोकं. माझी टाचणी! पाखरू किडा ओढत तिथेच बसावं आणि ह्याला निवांत फोटो काढता यावेत, म्हणून! आणि टाचण्या आणायला पाठवलं कोणाला, तर माझ्या पोरीला. मी मूर्ख, ती पुन्हा शिवायला बसणार म्हणून हरखून गेले होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. जेवताना विचारलंच, "हे काय चालवलंय?" त्याने लेकीकडे पाहिलं. लेक ताटलीत पाहत होती. मग म्हणाला, "सगळेच करतात, आई." आणि वर पाव मागितला. त्याच्यासमोर बसून जेवणं मला जमेना. उठले.

१९ डिसेंबर

गुलाबाखाली सापडला. ताठ. चोच उघडी, आत निळं डोकं. किड्याबरोबर टाचणीही गिळली बिचाऱ्याने. हातात घेतला तर वजनच नाही. कुठून कुठे उडत आला, आणि मेला कशाने, तर माझ्या शिवणाच्या डबीतल्या टाचणीने.

नळावर जाऊन ओकले.

जावई म्हणाला, "वाईट झालं." लगेच पुढे — "पण फोटो अप्रतिम आलेत." लेक आत बॅग भरत होती. बाहेर आलीच नाही. पाहवलं नसेल. खड्डा मीच खणला.

२० डिसेंबर

गेले. फ्रिज पुन्हा पुसला. वास नाही, काही नाही. तरी पुसला.

२२ जानेवारी

फोटो कुठल्याशा मोठ्या स्पर्धेत अंतिम दहात आलाय. लेकीने पाठवला. छान आहे, मेला! टाचणी बरोबर पानाआड. खाली शीर्षक — 'स्वच्छंद'. फोनवरच थुंकावंसं वाटलं.

२७ जानेवारी

स्पर्धेच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन. अर्जात तुमचा नंबर दिलाय, बाग तुमचीच ना? पाखराला काही आमिष दाखवलं नव्हतं ना? नियम आहे, म्हणून विचारतोय.

जावई! पोरीचा संसार! नुसतं 'नाही' म्हटलं की सुटले असते. मग वाटलं, या माणसाला आणखी एक हार घालायचा? माझ्या हाताने? सगळं सांगितलं. किडे, टाचण्या, मेलेलं पाखरू. "कोणी केलं हे?" "माझ्या जावयाने." नाव सांगितलं, आडनावासकट.

फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली. आता तरी पोरीचे डोळे उघडतील.

३१ जानेवारी

फोटो बाद. त्याला कायमची बंदी. दोघांचाही फोन नाही. तिची खोली झाडून ठेवली.

२ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. रडत नव्हती. "आई, त्याचं नाव कशाला सांगितलंस? त्याला किड्यांची किळस येते. डबासुद्धा उघडवत नाही. सगळे मीच टोचले."

का गं, विचारलं.

"फोटो चांगले येत होते."

जेवलीस का, विचारलं.