आठ दिवसांची पारख

३ तारीख, मंगळवार
ईश्वरकृपेने धाकट्या भावाच्या घरी सुखरूप पोहोचलो. पत्नीच्या पश्चात एकाकी राहणे प्रकृतीला मानवेना, म्हणून त्याने मागच्या बाजूची खोली माझ्यासाठी रिकामी केली. तो जुन्या वस्तूंचा व्यापार करतो. दारातच वाकून नमस्कार केला आणि भावजयीला म्हणाला, की आता आपल्या दुकानाला खरा पारखी लाभला. मी चाळीस वर्षे जुनी हस्तलिखिते व देवघरांतील भांडी तपासली, एवढ्यावर हा गौरव! सायंकाळी पाचशे श्लोकांचा नित्यपाठ एका बैठकीत म्हटला. माझी आयुष्याची कमाई म्हणावी, तर तीच.

८ तारीख, रविवार
जुन्या बाजारात गेलो. एका विक्रेत्याने दोनशे वर्षांची म्हणून पेटी पुढे केली. चारही कोपरे सारखेच झिजलेले. मी म्हणालो, लाकूड हात पडतो तिथे झिजते. कोपऱ्यांना कोण कुरवाळत बसतो? तो कुजबुजला, "आजोबा, हळू बोला हो, गिऱ्हाईक ऐकतंय!" धाकटा पोट धरून हसला.

माझा जुना नेम त्याला ठाऊक आहे: वस्तू आठ दिवस वापरावी, मगच तिच्याविषयी मत द्यावे. तोवर मी तिच्याकडे परीक्षकाच्या दृष्टीने पाहतही नाही. परतल्यावर त्याने एका पाडलेल्या घरातली म्हणून एक खुर्ची माझ्या खोलीत ठेवली.

१६ तारीख, सोमवार
खुर्ची अस्सल आहे. उजव्या हातावर अंगठ्याएवढा खळगा, आसन मध्यभागी आरशासारखे गुळगुळीत. कोणी सज्जन आयुष्यभर येथे ग्रंथ वाचीत बसला असावा. प्रमाणपत्र स्वहस्ते लिहून दिले. आता एक काठी व पितळी पेला आला आहे. आज पाठातले काही श्लोक निसटले. वयोमान.

२४ तारीख, मंगळवार
काठी आणि पेला, दोन्ही अस्सल. पाठ मात्र शंभराव्या श्लोकाशी थांबला. पुढे नुसता अंधार. गुडघे उचलत नाहीत. भावजय ताट ठेवते आणि नजर चुकवून निघून जाते.

२५ तारीख, बुधवार
खिडकी दुरुस्त करायला सुतार आला. खुर्ची अजून विकली गेलेली नाही. ती पाहून तो थबकला. गेल्याच महिन्यात आपण ही बनवली, म्हणाला, आणि आसनाखालची स्वतःची खूण दाखवली. मग खळगा चाचपून हसला, "बाबा, तुम्ही बसता का रंधा मारता?"

तो गेल्यावर त्या खळग्यात अंगठा ठेवला. तंतोतंत बसला. कोणी सज्जन नव्हता. ही झीज माझीच —

२६ तारीख
धाकट्याला विचारले. त्याने मान खाली घातली असती, तरी क्षमा केली असती. तो शांतपणे म्हणाला, की या खोलीतला माणूस जे वापरतो, त्यात त्याची वर्षे उतरतात. सासरे येथे राहिले तेव्हा हे ध्यानात आले. "दादा, तुमची वर्षं नाहीतरी संपणारच होती. वाया कशाला घालवायची?"

ज्याला मी हात धरून अक्षरे गिरवायला शिकवली, त्याने माझाच नेम माझ्यावर — आणि खाली सही माझी.

२८ तारीख
उठवत नाही. काठी नेली. नवा पलंग आणून दोघांनी मला त्यावर निजवले. कोऱ्या लाकडाचा वास. सतरा श्लोक उरले. ते तरी येथे उतरवून ठेवावेत. पहिल्याचा आरंभ —

नाही.

३० —
पलंग काळवंडला. भिंतीपलीकडे धाकटा गिऱ्हाइकाला सांगतो आहे, प्रमाणपत्र दादांच्या हातचे, दादा कधी खोटे बोलत नाहीत.

पाठ गेला. सगळा. नाम तरी —

समोर देवाची तसबीर. ओळखतो. जन्मभर याच्याशीच बोललो. हात जोडले आहेत. याला हाक मारायची, ती कोणत्या