लहान ठरण्यासाठी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

निरीक्षणगृहात भेट. ऋषिकेश वाळलाय. ओठावर लव दिसली — आधी नव्हती की मीच पाहिली नव्हती?

वंदना "गोलू, गोलू" करत रडत बसली. सोळा पूर्ण झालेल्या मुलाला गोलू! मिळालेला वेळ रडण्यात घालवणं मला पटत नाही. मी सरळ विचारलं, चाकू तुझ्या हातात कसा आला, क्रमानं सांग.

"मोठ्या भैयानं देल्ला."

तू घेतलास कशाला?

"मले नाही मालूम, बाबा."

नाही मालूम! माझ्या घरात हे उत्तर कधी चाललं नाही.

भांडण त्या भैयाचं आणि दुसऱ्या एका मोठ्या पोराचं. मोबाइलवरून. आणि याच्या हातातल्या चाकूनं मेला कुशल — याच्याच वर्गातला. आमच्या गच्चीवर याच्यासोबत मांजा गुंडाळताना मी त्याला पाहिलंय.

७ ऑगस्ट

वकील पाहिल्या. चिन्मयी मॅडम, वय तिशीचं. फक्त मुलांच्याच केसेस घेतात, खुनाच्यासुद्धा. ऑफिसात कायद्याच्या पुस्तकांशेजारी रंगाच्या पेट्या! विश्वास बसायला वेळ लागला.

समजावतात मात्र नीट. मुलगा सोळाच्या वर, अठराच्या आत. गुन्हा फार गंभीर. म्हणून बाल न्याय मंडळ आधी त्याची समज तपासणार. तज्ज्ञ त्याच्याशी बोलतील. समज लहान मुलाची ठरली तर जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. मोठ्याची ठरली तर मोठ्यांसारखा खुनाचा खटला. जन्मठेपसुद्धा.

निघताना म्हणाल्या, "काका, त्याला काही शिकवू नका. जसा आहे तसाच बोलू द्या."

मान हलवली. पण मी तर दुरुस्त केलेली मोटरसुद्धा पुसल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. हा तर मुलगा!

१२ ऑगस्ट

कोर्टासमोरच्या दुकानातून कायद्याचं मराठी पुस्तक आणलं. मी आठवी नापास. वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही, जळालेल्या मोटरी उकलून शिकलो. आज नरखेडचे संत्रावाले विहिरीवरच्या मोटरी मनीषनगरच्या माझ्या दुकानापर्यंत घेऊन येतात, "इंजिनिअर साहेब" म्हणतात. कायदाही उकलेन.

२५ ऑगस्ट

भेटीत ऋषिकेशची तयारी सुरू. गप्प बसलास तर मनात पाप आहे असं वाटेल, म्हटलं. मान वर करून सांग — चाकूनं जीव जाऊ शकतो हे मला ठाऊक होतं. त्याचे परिणाम मला समजतात. मला पश्चात्ताप आहे. कायदा देईल ती शिक्षा मान्य आहे. इतकं जबाबदारीनं बोलणाऱ्या मुलावर कोण दया करणार नाही?

"जाऊ द्या ना जी," वंदना म्हणाली. "लेकरू हाय ते."

"तू मधात बोलू नको वं!"

तो अडखळला. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा.

१ सप्टेंबर

आज "परिणाम" शब्द न अटकता आला.

१२ सप्टेंबर

तज्ज्ञांची भेट झाली. आम्ही बाहेर व्हरांड्यात. बाहेर आला, माझ्याकडे पाहून हसला. "सगळं बोललो, बाबा. एकही नाही चुकलो."

त्याच्या पाठीवर हात ठेवला. केवढीशी पाठ!

२१ ऑक्टोबर

मंडळाचा आदेश. मॅडमनी आधी तज्ज्ञांचा अहवाल वाचला — उत्तरं सुसंगत, परिणामांची पूर्ण जाणीव, समज वयाच्या पुढची.

छाती फुगली. इथे खोटं लिहून काय मिळणार? फुगली. क्षणभर.

मॅडमनी कागद खाली ठेवला. "काका, तो मोठा ठरलाय."

त्या आवाज न चढवता बोलत होत्या. "मला एवढंच मांडायचं होतं की हा मुलगा मोठं माणूस सांगेल ते करतो. चाकू धर म्हटलं, धरला. ही वाक्यं त्याला कोणी दिली?"

मी कलम सांगायला तोंड उघडलं. बंद केलं.

वंदनेनं बसस्टॉपवर एवढंच म्हटलं — "मी म्हणत होती."

२२ ऑक्टोबर

ताट वाढून ठेवते. बोलत नाही.

११ नोव्हेंबर

सत्र न्यायालयात अपील. मॅडम म्हणतात, मी शपथेवर सांगायचं की ती उत्तरं माझी होती, त्याच्याकडून पाठ करून घेतलेली. आणि तो घरी कसा आहे तेही, जसं आहे तसं.

घरी कसा आहे! मला काय माहीत? वंदनेला विचारावं लागलं. ती भाजी निवडत सांगत गेली. दिवा बंद केला तर अजून झोपत नाही. भांडणाचा आवाज झाला की बाथरूममध्ये जाऊन बसतो. कोणी म्हटलं "दोस्त आहेस ना", तर स्वतःची सायकल देऊन येतो.

"तुमी कधी पाह्यलं नाही?"

३ डिसेंबर

नरखेडचे रामाजी दुकानात. चार लोकांसमोर — "काय गा इंजिनिअर, पोराले येडं ठरवून राहिला म्हणे? तुह्या घरात कसं निपजलं गा येडं?" लोक हसले. पूर्वीचा मी असतो तर त्यांची मोटर उचलून रस्त्यावर ठेवली असती.

मी म्हटलं, येडं नाही. लहान आहे.

पहिल्यांदाच म्हटलं मी ते.

१६ जानेवारी २०२५

कोर्ट. बाहेरच्या बाकावर कुशलचे वडील, गुलाबचंदजी. शेजारी जागा होती. ते सरकलेही. मी उभाच राहिलो. त्यांच्या शेजारी मी कोणत्या तोंडानं बसणार होतो?

न्यायाधीश साहेबांनी खोलीत बोलावलं. मी म्हणालो, साहेब, ती उत्तरं माझी. याला त्यातलं काही समजत नव्हतं. शहाणपणा माझा होता, शिक्षा याला नको. आणि हात जोडले. आजवर कोणत्याही गिऱ्हाइकापुढे, पोलिसापुढे जोडले नव्हते. ऋषिकेश बाजूलाच उभा होता.

मॅडम बाहेर म्हणाल्या, "चांगलं बोललात. उद्या फक्त त्याला विचारतील." अपील मान्य होईल असं त्यांनाही वाटतंय.

वंदना आपणहून बोलली माझ्याशी. चहा घेता का, म्हणाली.

१७ जानेवारी

साहेबांनी त्याला विचारलं, वडील सांगतात ते खरं का?

"नाही, साहेब. बाबा खोटं बोलून राहिले. मले कोणी नाही शिकवलं. मले सगळं समजत होतं."

अपील फेटाळलं.

पोलीस नेत होते, मी मागे धावलो. काहून केलं असं, काहून?

"तुम्ही हात जोडले ना, बाबा. मले चांगलं नाही वाटलं."