ड्रायव्हर प्रतिसाद देत नाही

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. निव्वळ टेक्निकल. दादा गेल्यापासून कॉम्प्युटर माझ्याकडे आहे आणि ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्रॅम, सारखा क्रॅश होतोय. त्याची नोंद ठेवायची, कारण शोधायचं, विषय संपवायचा. भावनिक काहीही लिहायचं नाही.

आमचा धंदा लोकांच्या घराची, दुकानाची आतली चित्रं करून देण्याचा. भिंत कुठली, कपाट कुठलं, उजेड कसा पडेल, सगळं बांधकामाआधी दाखवायचं. टेप घेऊन मापं काढणं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं माझ्याकडे. कॉम्प्युटर दादाकडे. ते काम काही अवघड नसावं. दादा करायचा म्हणजे बघा.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना अर्धा राहिलाय. चार दिवसांत देतो म्हणून सांगितलं.

३ मार्च, संध्याकाळ
क्रॅश. स्क्रीन काळी झाली, परत आली, कोपऱ्यात संदेश: डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, आता सावरला आहे. सावरला म्हणे. खबरदारी म्हणून मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

एक नोंद. चालू होताना विंडोजची धून वाजत नाही. दादाने पूर्वी कधीतरी गंमत म्हणून तिथे स्वतःचा आवाज घालून ठेवलाय. "आलो, आलो!" एवढंच. याचा क्रॅशशी संबंध नाही. माहितीसाठी लिहिलं.

४ मार्च
नवा ड्रायव्हर टाकला. तीनदा क्रॅश. तिन्ही वेळा खबरदारी घेतली.

तिसऱ्या वेळी आई आतून म्हणाली, "आलास का? मग ये ना."

आई विसरायला लागली आहे, असं माझं निदान. तिला वाटतंय दादा या खोलीत काम करतोय. ठरवलं, तिला काही सांगायचं नाही. या वयात धक्का नको. हिला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. ही म्हणाली, आईंनी आज सकाळीच वाण्याच्या हिशोबातली चूक पकडली. ते वेगळं. माणसं हिशोब विसरत नाहीत.

६ मार्च
सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर मुळापासून उपटला. जुना टाकला. आता बघू कसा क्रॅश होतो.

६ मार्च, दुपार
झाला.

स्क्रीन काळी झाली तेव्हा त्यात दादा दिसला. माझ्याकडेच बघत होता. मग लक्षात आलं, मीच आहे. चष्मा त्याचा. माझा सापडत नव्हता म्हणून टेबलावरचा घातला होता. नंबर जुळत नाही, डोकं दुखतं. उद्या माझा शोधेन.

९ मार्च
कॅबिनेट उघडलं. कार्ड काढून, पुसून, परत बसवलं. पंख्यात धुळीचा गोळा आणि त्यात एक पांढरा केस. लांबीवरून दादाचा. कचऱ्यात टाकणार होतो, पण पुरावा म्हणून कागदात गुंडाळून खिशात ठेवला. कशाचा पुरावा ते पुढे ठरवता येईल.

डॉक्टरांचा फोन. दोन दिवसांत म्हणालो. ते म्हणाले, तुमचे भाऊ असे वायदे करत नसत. मी म्हणालो, भाऊंकडे त्या वेळी चांगला ड्रायव्हर होता.

१० मार्च
आईचं रोजचं झालंय. "आलो, आलो" म्हटलं की स्वयंपाकघरातून उत्तर येतं. कधी "हात धुऊन घे", कधी "चहा गार होतोय", कधी नुसतंच "बरं". किती समाधान असतं त्या "बरं" मध्ये! तिच्यासाठी तरी हे चालू ठेवलं पाहिजे. म्हणजे दुरुस्ती चालू ठेवली पाहिजे.

संध्याकाळी वहिनी खाली आल्या. त्या वरच्या मजल्यावर राहतात. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. "भाऊजी, तो आवाज काढता येतो का?" म्हणाल्या. वर जमिनीतून ऐकू येतं. दर वेळी हातातलं टाकून जिन्यापर्यंत येते, म्हणाल्या, आणि मग आठवतं.

मी त्यांना नीट समजावलं, की आवाजाची सेटिंग ड्रायव्हरमध्ये खोलवर गुंतलेली असते. आत्ता हात लावला तर कार्ड कायमचं जाईल. त्या वळल्या. जिना चढताना मध्येच थांबल्या, तेही ऐकू आलं. बायकांना टेक्निकल गोष्टी समजवायला वेळ लागतो.

१३ मार्च, सकाळ
अकरा वाजले. एकही क्रॅश नाही. हे संशयास्पद आहे.

१३ मार्च, दुपार
अजून नाही. दवाखान्याची भिंत पूर्ण झाली, खुर्ची झाली, दिवेही लागले. कामात मन लागेना. घरात फार शांतता. आई दोनदा खोलीत डोकावून गेली. विचारलं, काय हवंय? काही नाही म्हणाली.

कार्डावर मुद्दाम भार टाकणारा एक प्रोग्रॅम असतो. तो उतरवून चालवला. केवळ चाचणी. वीस मिनिटांत कोसळलं. हायसं वाटलं, निदानाच्या दृष्टीने. खबरदारी घेतली. आईचं "बरं" आलं. दिवे सेव्ह करायचे राहून गेले होते, ते गेले.

१४ मार्च
कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार लक्षणं ऐकतानाच दुसऱ्या गिऱ्हाइकाला केबल विकत होता. पॉवर सप्लाय दमलाय, म्हणाला, कार्डाला वीज पुरत नाही, तासाभराचं काम, आज बसवून देतो. मी हसलो. विकायला बसलेला माणूस दुसरं काय सांगणार? आणखी एकदोन ठिकाणी विचारतो, म्हणून निघालो. कुठे विचारलं नाही. पाय दुखत होते.

१६ मार्च
पुतणीचा फोन. दादाची मुलगी. ती दूर नोकरीला असते आणि तिला यातलं कळतं. म्हणून सगळं सविस्तर सांगितलं: कोणता ड्रायव्हर, कोणता क्रम, क्रॅश, रिस्टार्ट, पुन्हा क्रॅश.

ती म्हणाली, "काका, एक मिनिट. ड्रायव्हर क्रॅश झाला तर स्क्रीन काळी होऊन परत येते. कॉम्प्युटर बंद होत नाही. मग रिस्टार्ट कोण करतंय?"

खबरदारी, मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "दिवसातून किती वेळा घेतोस खबरदारी?"

मी म्हणालो, रेंज नाहीये, तुझा आवाज तुटतोय. फोन ठेवला. तिचा आवाज खरंच तुटत होता, पण रेंजमुळे नव्हे.

१८ मार्च
वहिनी भावाकडे राहायला गेल्या. हवापालट. मी रिक्षात बॅग ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उन्हामुळे असेल.

रात्रीच्या जेवणाला ही म्हणाली, इथल्या हवेला काय झालंय? इथला आवाज त्यांना सोसवत नाही. ताट उचलून निघून गेली. मी आईकडे पाहिलं. आई भात कालवत होती. तिच्यासमोर हा विषय नको होता.

वरचा मजला रिकामा आहे. तरी खुर्चीत बसलो की वरून कुणीतरी जिन्यापर्यंत येतंय असं वाटतं. उठून पाहिलं. नाही. पुन्हा बसलो, पुन्हा वाटलं. लाकूड तापलं-निवलं की वाजतं.

२० मार्च
डॉक्टरांनी काम दुसरीकडे दिलं. बरंच झालं. आता डोक्यावर टांगती तलवार नाही, ड्रायव्हरकडे पूर्ण लक्ष देता येईल.

२२ मार्च, सकाळ
हिने मला न विचारता दुकानदाराला घरी बोलावलं. पॉवर सप्लाय बदलला. भार टाकणारा प्रोग्रॅम चालवून तो चहा पीत बसला. चहा संपला, गप्पा संपल्या, तरी कार्ड हललं नाही. आता दहा वर्षं बघायला नको, म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

तर पॉवर सप्लायच होता. मलाही तशी शंका होतीच.

२२ मार्च, दुपार
क्रॅश नाही.

२२ मार्च, चार वाजता
क्रॅश नाही. तरीही खबरदारी म्हणून बंद करून चालू केला. "आलो, आलो!" आतून उत्तर नाही. आईला ऐकू आलं नसेल. पुन्हा केला. नाही. आवाज वाढवून पुन्हा केला.

आई खोलीत आली. पदराला हात पुसत दादाच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पुरे आता."

मी म्हणालो, दादा कामात आहे, येईल एवढ्यात. असं कसं तोंडातून गेलं, माहीत नाही.

आई म्हणाली, "तो गेला ते मला ठाऊक नाही का? माझ्या हातून पाणी घेतलं त्याने शेवटचं."

मग उत्तर का द्यायचीस, मी विचारलं.

"तू बटण दाबून वाट बघत बसायचास. दारातून दिसायचास मला. कुणीतरी ओ द्यायला हवी होती. म्हटलं, चार दिवस जाऊ देत, सावरेल." थोडं थांबून म्हणाली, "पण त्यापायी सून घर सोडून गेली. तुझ्यामुळे तशी माझ्यामुळेही."

मी काहीतरी टेक्निकल बोलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आई माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली. दादाचा चष्मा काढून तिने टेबलावर ठेवला.

२३ मार्च
आवाज काढला. सेटिंगमध्ये एक चौकोन असतो, त्यातली बरोबरची खूण काढायची. एवढंच. ड्रायव्हरला काहीही झालं नाही. कॉम्प्युटर मुकाट चालू झाला, मुकाट चालतोय.

वहिनींना फोन केला. आवाज ड्रायव्हरमध्ये गुंतलेला नव्हता, म्हणालो. त्या म्हणाल्या, "ते मला तेव्हाच माहीत होतं, भाऊजी." उद्या येते म्हणाल्या.

ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पुसून नाही ना टाकलात?"

नाही, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलाय, मी म्हणालो.

"कुठल्या ते मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही विसरून जा."

फोल्डरचं नाव इथे लिहून ठेवणार होतो. टेक्निकल नोंद म्हणून. लिहीत नाही.