एका छपराचे दोन अर्ज

प्रिय एर्मिनिया मावशीला,

भाच्याचा, म्हणजे एदिल्बेर्तोचा, वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वानकायोच्या थंडीत ते फार छळतात, असं तुझ्या लेकीने कळवलं होतं. इथे लिमाला आमच्या टेकडीवर नेहमीची भुरभुर चालू आहे, धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. माझं म्हणशील तर भूक आहे पण जेवण नाही, अंथरूण आहे पण झोप नाही, आणि दार वाजलं की छातीत धस्स होतं. का ते सांगतो.

मी घरबसल्या मिळेल ते लिहून पोट भरतो, हे तुला ठाऊकच आहे (खोकल्याच्या औषधाची माहिती, कोंबडीखाद्याच्या पोत्यावरचा मजकूर, एकदा तर एका दंतवैद्याचं प्रेमपत्र). जूनमध्ये पाद्रीबाबा म्हणाले की ज्याच्या हातात जे कसब आहे ते त्याने वस्तीला द्यावं. न्हाव्याने म्हाताऱ्यांचे केस फुकट कापायचं कबूल केलं. मलाही चेव आला आणि मी दारावर पाटी लावली : वस्तीच्या कामाचे अर्ज शनिवारी फुकट लिहून मिळतील. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

पहिल्याच शनिवारी सकाळी सोसिमाकाकू आल्या. वस्तीतल्या ऐंशी माणसांचं दुपारचं जेवण त्या आणि त्यांच्यासोबतच्या बायका रांधतात, त्यात मीही एक जेवणारा. चॅपेलमागची खोली आमच्याकडेच राहू द्या, असा अर्ज त्यांना वस्तीच्या अध्यक्षांना द्यायचा होता. मी जीव ओतून लिहिला. दुपारी नेली आली, मुलींना व्हॉलीबॉल शिकवते ती. मुली रस्त्यावर खेळतात, तीनचाकीवाले अंगावर येतात, म्हणून तिला जुन्या सहकारी संस्थेचा हॉल हवा होता. तोही जीव ओतून लिहिला. खोली नेमकी कुठली, हे मी विचारलं नाही (आमच्या धंद्यात गिऱ्हाईक सांगेल ते खरं, उठून बघायला जायचं नसतं). मावशी, बारा वर्षं मी त्या खोलीत जेवतोय, पण ती पूर्वी सहकारी संस्थेची होती हे मला कोण सांगणार?

दोन्ही अर्ज सभेत मोठ्याने वाचले गेले. पहिल्याला बायका रडल्या. दुसऱ्याला तीनचाकीवालेसुद्धा रडले. मग अध्यक्ष अबुंदिओकाकांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. ‘या छपराखाली उद्याचा पेरू देश वाढतो आहे’ हे वाक्य दोन्हीकडे होतं (चांगलं जमलेलं वाक्य मी वाया घालवत नाही). काका म्हणाले, “काय रे, हा उद्याचा पेरू जेवतो कधी आणि उड्या मारतो कधी?”

खरी गंमत, म्हणजे रडण्यासारखी गंमत, अशी की अर्जांच्या आधी त्या दोघींचं जवळजवळ जमलं होतं : सकाळी पातेली, संध्याकाळी चेंडू. पण आपली बाजू इतकी न्यायाची आहे हे त्यांना माझ्या कागदावरूनच कळलं, आणि आता कोणीही तसूभर हटेना. काकांनी वैतागून खोलीला कुलूप ठोकलं आणि मला बजावलं की तू लावलेली आग तूच विझव, रविवारच्या सभेत तोडगा घेऊन ये.

तेव्हापासून काकू रस्त्यात प्लास्टिकखाली रांधतात. भुरभुरीत सरपण पेटत नाही. परवा तीस माणसं रिकाम्या डब्याने परत गेली, त्यात आंधळे तेओफिलो आजोबाही होते. मावशी, मला फार लाज वाटली. रांगेत उभा राहिलो तर काकू म्हणाल्या, “लेखकसाहेब, तुमचं ताट नेलीकडे मागा.” नेलीकडे गेलो तर ती म्हणाली, “आमच्याकडे फक्त चेंडू आहे, तो खाणार का?” उद्या रविवार. माझ्याजवळ तोडगा नाही, आहे ती फक्त लेखणी, आणि तिचीच मला आता भीती वाटते.

प्रकृतीला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
एदिल्बेर्तो

ता. क. : वरचं शनिवारी लिहिलं, आज सोमवार. काल सभेत माफी मागायला उभा राहिलो आणि खिशातून भलतंच निघालं. तू वानकायोला गेल्यापासून तुझ्या इथल्या घराचा खालचा मजला बंदच आहे, तर तो तू जेवणासाठी देते आहेस, असं तुझं पत्र मी वाचून दाखवलं. ते आदल्या रात्री मीच लिहिलं होतं. सगळे रडले, अबुंदिओकाकाही. नेलीने जाऊन काकूंना मिठी मारली.

दुसरा ता. क. : चुली आज सकाळीच तुझ्या घरात गेल्या. सोमवारचे मसूर झाले, ऐंशीच्या ऐंशी जेवले. तुझी सही मला हुबेहूब जमते, पण तेवढं पाप मी करणार नाही. ते पत्र सोबत जोडलं आहे. सही करण्याआधी सावकाश वाच, तू किती मोठ्या मनाची बाई आहेस ते तुला कळेल.